टेक्स्टबॉक्स खाली सरकत नाही, दुसऱ्या फॉर्ममधून मजकूर पोचत नाही, पॅनल उड्या मारतं: कुठून शोधायचं

तुमचा प्रश्न मी असा समजलो. विंडोज फॉर्म्समधलं (डॉटनेटचं विंडोजच्या स्क्रीन बनवायचं साधन) अ‍ॅप आहे, एका मोठ्या मल्टिलाइन टेक्स्टबॉक्समध्ये लॉग येत राहतो पण तो आपोआप खाली सरकत नाही, आणि सरकवायचा कोड टाकला तर वर जाऊन जुनं वाचायला लागलं की परत खाली खेचला जातो. दुसरं म्हणजे सेटिंगच्या फॉर्ममधून मेन फॉर्मच्या टेक्स्टबॉक्समध्ये मजकूर टाकताय, एरर येत नाही पण काही दिसतही नाही. आणि तिसरं, बरीच फील्ड असलेलं स्क्रोल होणारं पॅनल मध्येच उडी मारतं, शिवाय सेव्ह केल्यावर शेवटच्या फील्डमधला बदल कधी कधी जातच नाही.

या तिन्ही ठिकाणी लोक आधी प्रॉपर्टी विंडो उघडतात आणि स्क्रोलबार, ऑटोस्क्रोल, अँकर असं एकेक बदलून बघत बसतात. उत्तर तिथे क्वचित असतं. माझा आग्रह आहे की प्रॉपर्टीला हात लावण्याआधी एवढं बघा: ज्या ऑब्जेक्टवर तुम्ही लिहिताय तोच स्क्रीनवर दिसतोय का, तुमची ओळ चालते त्या क्षणी कंट्रोलची विंडो तयार झालीय का, आणि तेव्हा फोकस कोणाकडे आहे. टेक्स्टबॉक्स, स्क्रोल आणि फॉर्म यांच्या बहुतेक तक्रारी या तिघांपैकी एकावर येऊन थांबतात, तुमच्या तर तिन्ही तक्रारी तीन वेगळ्या कारणांच्या आहेत.

सुरुवात दुसऱ्या तक्रारीपासून करतो कारण ती लवकर मिटते. सेटिंग फॉर्मच्या बटणात तुम्ही मेन फॉर्मचा नवा ऑब्जेक्ट न्यू करून बनवलाय आणि त्याच्या टेक्स्टबॉक्सला मजकूर दिलाय. मजकूर गेलाय, अगदी बरोबर गेलाय, पण तो मेमरीत नुकत्याच जन्मलेल्या दुसऱ्याच मेन फॉर्मला गेलाय जो कधी दाखवलाच नाही. म्हणून एरर नाही. खात्री करायची असेल तर मेन फॉर्मच्या लोड इव्हेंटमध्ये आणि सेटिंग फॉर्मच्या त्या ओळीजवळ दोन्हीकडे ऑब्जेक्टचा हॅशकोड, म्हणजे त्याचा ओळख-आकडा, डीबग विंडोत छापा, आकडे वेगळे आले की विषय संपला. मग मेन फॉर्मचा खरा रेफरन्स सेटिंग फॉर्मला कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमधून, द्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे सेटिंग फॉर्मला मेन फॉर्मची ओळखच ठेवू नका. सेटिंग फॉर्मवर एक पब्लिक प्रॉपर्टी ठेवा, मेन फॉर्मने तो शोडायलॉगने उघडावा, ओके आलं की ती प्रॉपर्टी वाचावी आणि आपला टेक्स्टबॉक्स आपणच भरावा. सेटिंग फॉर्म उघडा असतानाच बदल दिसायला हवा असेल तर इव्हेंट वापरा. सी शार्पमध्ये डिझायनर कंट्रोल प्रायव्हेट ठेवतो त्याला कारण आहे, तो पब्लिक करून बाहेरून हात घालायची सवय लागली की वर्षभराने कोणता फॉर्म कोणाला बदलतो हे कोणालाच सांगता येत नाही.

व्हीबी डॉटनेटमध्ये हीच गोष्ट जास्त फसवी होते. तिथे फॉर्मचं नुसतं नाव लिहिलं तरी चालतं कारण भाषा मागे एक डीफॉल्ट इन्स्टन्स, म्हणजे आपोआप बनलेला ऑब्जेक्ट, सांभाळते. पण हा इन्स्टन्स थ्रेडनुसार, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या प्रवाहानुसार, वेगळा असतो. बॅकग्राउंड थ्रेडमधून तुम्ही फॉर्मचं नाव घेऊन टेक्स्टबॉक्समध्ये लिहिलं की त्या थ्रेडसाठी गुपचूप एक नवा न दिसणारा फॉर्म तयार होतो आणि मजकूर तिथे जातो, एरर नाही, दिसत काहीच नाही. बटणातून तोच कोड चालतो आणि थ्रेडमधून चालत नाही असं कोणी सांगितलं की मी पहिला संशय यावरच घेतो.

शोडायलॉगबद्दल अजून एक. शोने उघडलेला फॉर्म बंद केला की डिस्पोज होतो, म्हणजे त्याची संसाधनं सोडली जातात, पुन्हा शो केलं तर ऑब्जेक्ट डिस्पोज झाल्याची एक्सेप्शन येते. शोडायलॉगने उघडलेला मात्र बंद केल्यावर नुसता लपतो, डिस्पोज तुम्हाला करावा लागतो, म्हणून तो यूझिंग ब्लॉकमध्येच उघडा. आणि डायलॉग बंद झाल्यावरही त्याच्या प्रॉपर्टी वाचता येतात त्या याचमुळे.

आता लॉगचा टेक्स्टबॉक्स, इथे जरा थांबतो कारण इथे चार-पाच गोष्टी एकमेकांत अडकलेल्या असतात.

पहिलं म्हणजे मजकूर जोडायला टेक्स्ट प्रॉपर्टीवर अधिक-बरोबर करू नका. तसं केलं की दर वेळी कंट्रोलमधला सगळा मजकूर बाहेर काढला जातो, नवी स्ट्रिंग बनते, पूर्ण मजकूर परत आत टाकला जातो आणि कर्सर शून्यावर येतो, म्हणून टेक्स्टबॉक्स वरच्या टोकाला उडी मारतो. लॉग दुप्पट झाला की एकूण काम जवळजवळ चौपट होतं, म्हणून सकाळी झपाझप चालणारं अ‍ॅप संध्याकाळी रांगायला लागतं. अपेंडटेक्स्ट वापरा. तो फक्त शेवटी नवा तुकडा घालतो, कर्सर शेवटी नेतो आणि साध्या टेक्स्टबॉक्समध्ये फोकस नसला तरी खाली सरकतो. बरेच जण अपेंडटेक्स्टच्या पुढे सिलेक्शनस्टार्ट आणि स्क्रोलटूकॅरेट अशा दोन ओळी लिहितात, साध्या टेक्स्टबॉक्सला त्या लागत नाहीत.

रिचटेक्स्टबॉक्स असेल तर मात्र गोष्ट वेगळी. त्याची हाइडसिलेक्शन प्रॉपर्टी मुळात ट्रू असते, आणि ती ट्रू असताना फोकस दुसरीकडे असेल तर अपेंडटेक्स्टने मजकूर जोडला जातो पण दृश्य सरकत नाही. टेस्ट करताना तुम्ही लॉगवर क्लिक करता, फोकस तिथे येतो, सगळं नीट चालतं. वापरणारा माणूस स्टार्टचं बटण दाबतो, फोकस बटणावर राहतो, लॉग अडकतो. हाइडसिलेक्शन फॉल्स करा आणि बघा. फोकस जबरदस्तीने लॉगवर आणायचा उपाय काही जण करतात, तो करू नका, कारण दुसऱ्या फील्डमध्ये टाइप करणाऱ्याच्या हातातून कर्सर निघून जातो आणि अर्धा शब्द लॉगमध्ये पडतो.

दुसरं, वेळ. तुम्ही कन्स्ट्रक्टरमध्ये जुना लॉग फाइलमधून भरून लगेच स्क्रोलटूकॅरेट म्हणताय, त्या क्षणी कंट्रोलची खरी विंडो म्हणजे हँडल तयार झालेलं नसतं, सरकवायला काही अस्तित्वातच नाहीये. हा कोड शोन इव्हेंटमध्ये, म्हणजे फॉर्म पहिल्यांदा दिसल्यावर येणाऱ्या इव्हेंटमध्ये, हलवा. टॅबच्या आत टेक्स्टबॉक्स असेल तर टॅबच्या पानावर पहिल्यांदा जाईपर्यंत त्या कंट्रोलचं हँडल बनत नाही, म्हणून दुसऱ्या टॅबवरचा लॉग पहिल्यांदा उघडल्यावर वरच्या टोकालाच दिसतो. तिथे टॅब निवडल्याच्या इव्हेंटमध्ये एकदा खाली सरकवा.

तिसरं, वाचणाऱ्याला खेचणं. तुमची मूळ तक्रार हीच आहे आणि ती अगदी रास्त आहे, लॉग वाचणाऱ्या माणसाच्या हाताखालून पान ओढून घेणारं अ‍ॅप कोणालाच नको असतं. नियम सोपा आहे, नवी ओळ यायच्या आधी दृश्य तळाला असेल तरच खाली जायचं. तळाला आहे का हे कळायला कंट्रोलच्या आतल्या भागाच्या खालच्या टोकाचा बिंदू घ्या, गेटकॅरइंडेक्सफ्रॉमपोझिशनने तिथलं अक्षर काढा, त्यावरून गेटलाइनफ्रॉमकॅरइंडेक्सने ओळ काढा आणि शेवटच्या ओळीशी ताडून बघा. इथे एक बारीक अडचण आहे. पहिली मेथड शेवटच्या अक्षराच्या पुढची जागा कधीच सांगत नाही, आणि तुमचा लॉग नेहमी नव्या ओळीने संपतो, त्यामुळे शेवटची रिकामी ओळ तुम्हाला कधीच मिळत नाही आणि तुलना कायम चुकते. एका ओळीची सूट ठेवा. आणि वर्डरॅप (लांब ओळ आपोआप तोडणं) चालू असेल तर ही ओळ म्हणजे दिसणारी ओळ, लाइन्स ॲरेमधली ओळ नाही, दोघांचे आकडे जुळत नाहीत म्हणून ते एकमेकांत मिसळू नका.

तळाला नसेल तर मग काय करायचं याचे दोन मार्ग. पहिला म्हणजे विंडोजचे मेसेज वापरणे. आधी पहिली दिसणारी ओळ विचारून ठेवायची, त्या मेसेजचा आकडा २०६, सिलेक्शन जपून ठेवायचं, चित्र काढणं सेटरीड्रॉ मेसेजने म्हणजे ११ नंबरने बंद करायचं, मजकूर जोडायचा, सिलेक्शन परत लावायचं, १८२ नंबरच्या लाइनस्क्रोलने फरकाइतक्या ओळी मागे यायचं, चित्र परत चालू करून इन्व्हॅलिडेट करायचं. हे चालतं, मी अनेक ठिकाणी असंच वापरलंय, पण नवख्या माणसाने यात पडू नये. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: बाजूला "आपोआप खाली सरकवा" असा चेकबॉक्स ठेवा आणि तो बंद असताना नव्या ओळी टेक्स्टबॉक्समध्ये घालूच नका, रांगेत साठवा. चेकबॉक्स चालू झाला की सगळ्या एकदम जोडा. वापरणाऱ्याला काय चाललंय ते स्पष्ट दिसतं आणि तुमचा कोड पाच ओळींचा राहतो.

ही रांग दुसऱ्याही कारणासाठी लागणारच आहे. लॉग वेगळ्या थ्रेडमधून येतोय ना, मग प्रत्येक ओळीसाठी बिगिनइन्व्होक, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या यूआय थ्रेडला काम पाठवणं, करू नका. सेकंदाला हजारो ओळी आल्या की यूआय थ्रेडच्या मेसेज रांगेत तेवढे निरोप पडतात, तो फक्त तेच करत बसतो, बटणं दाबली जात नाहीत. आणि एक विंडो ५ सेकंद मेसेजला उत्तर देत नाही म्हटलं की विंडोज तिला प्रतिसाद देत नाही असं ठरवून वर फिकट आवरण घालतं. त्यापेक्षा थ्रेडसेफ रांग, म्हणजे कॉनकरंटक्यू, त्यात वर्कर थ्रेडने ओळी टाकायच्या, फॉर्मवर १०० मिलिसेकंदांचा टायमर ठेवायचा, त्याने रांगेतलं सगळं उचलून स्ट्रिंगबिल्डरमध्ये जोडायचं आणि एकदाच अपेंडटेक्स्ट करायचं. डोळ्याला तसाच सरकता लॉग दिसतो पण कंट्रोलवरचं काम एकदम कमी होतं. हा एक बदल केला तर बाकीचे निम्मे उपाय लागतच नाहीत असा माझा अनुभव आहे.

थ्रेडच्या बाबतीत आणखी दोन सापळे. दुसऱ्या थ्रेडमधून कंट्रोलला हात लावल्यावर येणारी एक्सेप्शन मुळात फक्त डीबगर जोडलेला असतानाच येते. नुसती एक्झी फाइल चालवली तर ती तपासणी बंद असते, मग कधी चालतं कधी गोठतं कधी अर्धवट रंगतं. म्हणून "माझ्याकडे एरर येतो पण तयार फाइलमध्ये येत नाही म्हणजे ठीक आहे" असा निष्कर्ष काढू नका, आणि ती तपासणी फॉल्स करून एरर गप्प करणं तर अजिबात करू नका. दुसरा सापळा इन्व्होकरिक्वायर्डचा. हँडल तयार नसेल तर तो फॉल्स सांगतो, तुमचा कोड समजतो की आपण योग्य थ्रेडवर आहोत आणि चुकीच्या थ्रेडवरच कंट्रोलचं हँडल बनवून ठेवतो. म्हणून वर्कर थ्रेड कन्स्ट्रक्टरमध्ये सुरू करू नका, शोनमध्ये करा. आणि यूआय थ्रेड वेटने किंवा रिझल्टने वर्करची वाट बघतोय आणि वर्कर इन्व्होकने यूआयची, तर दोघं कायमचे अडकतात, तिथे अवेट वापरा.

लॉग किती मोठा ठेवायचा हेही ठरवा. टेक्स्टबॉक्सच्या मॅक्सलेंग्थची डीफॉल्ट किंमत ३२,७६७ असते पण ती मर्यादा टाइप आणि पेस्ट करण्याला आहे, कोडमधून टाकलेल्या मजकुराला ती अडवत नाही. त्यामुळे लॉग फुगत जातो. ठरावीक ओळींच्या वर गेला की सुरुवातीचा अर्धा भाग काढून टाका, मूळ लॉग फाइलमध्ये असूच दे. लाखो ओळी स्क्रीनवर हव्याच असतील तर टेक्स्टबॉक्स हे साधनच चुकीचं आहे, लिस्टव्ह्यू व्हर्च्युअल मोडमध्ये लावा, तो फक्त दिसणाऱ्या ओळी मागतो.

सगळा मजकूर एकाच ओळीत येत असेल तर ओळ तोडणारं चिन्ह बघा. साध्या टेक्स्टबॉक्सला कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड अशी जोडी लागते, नुसता लाइन फीड आला, जसा लिनक्सवरच्या फाइलमधून किंवा नेटवर्कवरून येतो, तर ओळ तुटत नाही. एन्व्हायर्नमेंटचा न्यूलाइन वापरा आणि बाहेरून आलेला मजकूर आधी बदलून घ्या. रिचटेक्स्टबॉक्स उलटं करतो, तो ही जोडी आत घेताना एकच लाइन फीड ठेवतो, म्हणून तुमच्या मूळ स्ट्रिंगमध्ये शोधलेली जागा आणि कंट्रोलमधली जागा दर ओळीला एकेक अक्षराने सरकत जाते. रंगवलेला शब्द खाली खाली जाताना चुकीच्या अक्षरांवर पडतो त्याचं कारण हेच, शोधायचं तर कंट्रोलच्याच टेक्स्टमध्ये शोधा.

आडवा स्क्रोलबार दिसत नसेल तर वर्डरॅप बंद करा, तो चालू असताना आडवा स्क्रोलबार येतच नाही. आणि लॉग कोणी बदलू नये म्हणून एनेबल्ड फॉल्स केलं असेल तर स्क्रोलबारही मेला, मजकूर कॉपीही करता येत नाही. रीडओन्ली वापरा. शेवटची ओळ अर्धी कापलेली दिसते अशी तक्रार असेल तर ती स्क्रोलची नाहीच, टेक्स्टबॉक्स डॉक फिल (उरलेली सगळी जागा भरणारा) आहे आणि खाली स्टेटसबार त्याच्यावर बसलाय. डॉकिंगचा हिशोब कंट्रोलच्या थरांच्या क्रमाने होतो, फिलवाला कंट्रोल सगळ्यात पुढे हवा. डिझायनरमध्ये त्यावर उजवं क्लिक करून पुढे आणा, लगेच जागेवर बसतो.

आता पॅनल. ऑटोस्क्रोल चालू असलेल्या पॅनलचं एक ठरलेलं वागणं आहे: आतल्या ज्या कंट्रोलकडे फोकस जाईल तो दिसेल असं ते स्वतः सरकतं. यात वाईट काही नाही, टॅब दाबत जाणाऱ्याला खालचं फील्ड दिसायलाच हवं. उडी तेव्हा वाटते जेव्हा फोकस असलेला कंट्रोल पॅनलपेक्षाही उंच असतो, उदाहरणार्थ आत ठेवलेला मोठा टेक्स्टबॉक्स किंवा एखादा यूझर कंट्रोल. तुम्ही त्याचा खालचा भाग बघत असता, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊन परत येता, फॉर्म जागा होतो, फोकस परत त्या कंट्रोलला मिळतो आणि पॅनल त्याचं वरचं टोक दाखवायला धावतं.

यावर सगळीकडे मिळणारा उपाय म्हणजे पॅनलचा उपवर्ग करून स्क्रोलटूकंट्रोल ओव्हरराइड करायचं आणि आहे तीच जागा परत द्यायची. उडी थांबते, खरं आहे. पण आता टॅबने खालच्या फील्डवर गेलं तरी पॅनल सरकत नाही, माणूस न दिसणाऱ्या चौकटीत टाइप करत राहतो. जे माउस वापरत नाहीत किंवा वापरू शकत नाहीत त्यांच्यासाठी तो फॉर्म बंदच झाला. म्हणून सरसकट करू नका, ओव्हरराइडमध्ये अट घाला: कंट्रोल पॅनलच्या दिसणाऱ्या भागापेक्षा उंच असेल तरच आहे ती जागा द्या, नाहीतर मूळ वागणं चालू ठेवा. आणि जमलं तर तो उंच कंट्रोलच तोडून लहान करा, एका पॅनलच्या पोटात दुसरा स्क्रोल होणारा डबा ठेवण्याची गरज फार थोड्या फॉर्मना असते.

जागा जपून परत लावायची असेल तर ऑटोस्क्रोलपोझिशनचा विचित्र नियम लक्षात घ्या. वाचली की ती उणे आकडे देते, लिहायला मात्र अधिक आकडे मागते. वाचलेली किंमत जशीच्या तशी परत दिली तर पॅनल वरच्या टोकाला जातं. चिन्ह उलटं करून द्या. त्याचंच भावंड म्हणजे चालू असताना नवी फील्ड घालणं. पॅनल खाली सरकलेलं असताना लोकेशन दिलं तर ते दिसणाऱ्या भागापासून मोजलं जातं, पूर्ण पानाच्या वरच्या टोकापासून नाही, म्हणून मध्ये मोठी मोकळी जागा पडते आणि दर "आणखी एक ओळ" बटणाला ती वाढत जाते. तुमच्या वाय किमतीत ऑटोस्क्रोलपोझिशनची वाय मिळवा, ती उणे असल्याने हिशोब आपोआप बरोबर येतो. त्यापेक्षा टेबललेआउटपॅनल किंवा फ्लोलेआउटपॅनल वापरलं तर हा हिशोबच करावा लागत नाही.

स्क्रोलबार येतच नसेल तर दोन जागा बघा. पॅनलला ऑटोसाइज आणि ऑटोस्क्रोल दोन्ही चालू असतील तर ते आतल्या मजकुराएवढं वाढत जातं, वाढलं की स्क्रोलची गरजच उरत नाही आणि खालचा भाग फॉर्मच्या बाहेर जातो. नाहीतर आतला कंट्रोल डॉक फिल असतो, म्हणजे तो पॅनलएवढाच होतो, मग सरकवणार काय. 

फील्ड परत परत बनवताना कंट्रोल्सच्या क्लिअरवर विसंबू नका. क्लिअर त्यांना यादीतून काढतो, डिस्पोज करत नाही. हँडल तशीच राहतात, एका प्रोसेसला मुळात १०,००० यूझर ऑब्जेक्टची (विंडो, मेनू वगैरेंची) मर्यादा आहे, दिवसभर फॉर्म उघडा राहिला की एका क्षणी विंडो हँडल बनवताना एरर येतो आणि तो ज्या ओळीवर येतो तिचा काही दोष नसतो. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये यूझर ऑब्जेक्टचा कॉलम लावा आणि फॉर्म वापरताना आकडा नुसता चढतच राहतो का ते बघा. क्लिअर करण्याआधी शेवटाकडून एकेक कंट्रोल डिस्पोज करत या.

माउसच्या चाकाबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण अशा लांब फॉर्ममध्ये ते येणारच, आणि ते धोकादायक आहे. माणूस पॅनल सरकवायला चाक फिरवतो, फोकस कॉम्बोबॉक्सवर असतो किंवा पॉइंटर त्याच्यावर येतो, आणि पान सरकायच्या ऐवजी निवड बदलते. कळतही नाही. न्यूमरिकअपडाउनमध्ये तर एका खाचेला किंमत एकाऐवजी साधारण तीनने बदलते कारण तो विंडोजमधली चाकाला किती ओळी ही सेटिंग घेतो. माहिती नकळत बिघडवणारी चूक मी सगळ्यात गंभीर धरतो, त्यामुळे अशा प्रत्येक कंट्रोलच्या माउसव्हील इव्हेंटमध्ये मिळालेलं आर्ग्युमेंट हँडल्डमाउसइव्हेंटआर्ग्समध्ये बदलून हँडल्ड ट्रू करा, आणि कॉम्बोची यादी उघडी असेल तेव्हा मात्र सोडा. स्वतः चाक हाताळत असाल तर एक खाच म्हणजे १२० हे धरून थेट भागाकार करू नका, टचपॅड आणि नवी माउस त्याहून लहान आकडे पाठवतात, ते साठवत जा आणि १२० झाले की एक पाऊल सरका.

राहिलं सेव्हचं. शेवटच्या फील्डमधला बदल जात नाही याचं कारण तुमचं सेव्ह बटण टूलस्ट्रिपवर आहे. डेटा बाइंडिंग मुळात ऑनव्हॅलिडेशनवर चालतं, म्हणजे टेक्स्टबॉक्स सोडून फोकस बाहेर गेला की किंमत मागच्या ऑब्जेक्टमध्ये उतरते. साधं बटण फोकस घेतं, टूलस्ट्रिपचं घेत नाही. कर्सर टेक्स्टबॉक्समध्येच राहतो, व्हॅलिडेटिंग होत नाही, आणि सेव्ह जुनी किंमत लिहून मोकळा होतो. माणसाने मध्येच दुसऱ्या फील्डवर क्लिक केलं असेल तर सगळं नीट जातं, म्हणून हा दोष "कधी कधी" वाटतो, पण तो अगदी नियमाने घडतो. सेव्हच्या पहिल्या ओळीत फॉर्मचं व्हॅलिडेट बोलवा, ते फॉल्स आलं तर तिथेच थांबा, मग बाइंडिंगसोर्सचं एंडएडिट, मग सेव्ह. कीबोर्ड शॉर्टकटने सेव्ह होत असेल तिथेही हेच.

तपासणी लिहिताना रद्द करा बटणाचं कॉझेसव्हॅलिडेशन फॉल्स करा, नाहीतर चुकीचं भरलेल्या फील्डमधून माणसाला बाहेरच पडता येत नाही. वरच्या कोपऱ्यातल्या फुलीनेही तीच तपासणी होते, फॉर्मक्लोझिंगमध्ये कॅन्सल आधीच ट्रू होऊन येतं, ते तिथे फॉल्स करा. मी तर नव्या फॉर्ममध्ये ऑटोव्हॅलिडेट हे एनेबलअलाउफोकसचेंजवर ठेवतो आणि चूक एररप्रोव्हायडरच्या लाल खुणेने दाखवतो. माणसाला फील्डमध्ये कोंडून ठेवणारे फॉर्म मला पटत नाहीत, तो कदाचित बरोबर आकडा बघायलाच दुसऱ्या फील्डवर चाललेला असतो.

फक्त आकडे घ्यायचे म्हणून कीप्रेसमध्ये इझडिजिट तपासत असाल तर दोन भोकं आहेत. पेस्ट तिथून जात नाही, म्हणजे उजव्या क्लिकने काहीही आत येतं. आणि इझडिजिटला इंग्रजी 5 जसा आकडा वाटतो तसे जगातल्या सगळ्या लिप्यांचे आकडे आकडेच वाटतात, हा आत्ता मी लिहिलेला देवनागरी ५ सुद्धा, पण इंटपार्स तो घेत नाही आणि फॉरमॅटची एक्सेप्शन देतो. मराठी कीबोर्ड चालू ठेवून टाइप करणाऱ्याकडे फॉर्म कोसळतो, तुमच्याकडे कधीच नाही. डॉटनेट ७ पासून इझअ‍ॅस्कीडिजिट आहे, किंवा देवनागरी आकडे स्वीकारून आत बदलून घ्या, वापरणाऱ्याच्या दृष्टीने ते जास्त चांगलं. खरी तपासणी व्हॅलिडेटिंगमध्ये ट्रायपार्सनेच करा. टाइप करता करता टेक्स्टचेंज्डमध्ये स्वल्पविराम घालायचा मोह टाळा, टेक्स्ट बदलला की कर्सर सुरुवातीला जातो आणि इव्हेंट परत स्वतःलाच बोलावतो, फॉरमॅटिंग फील्ड सोडल्यावर करा.

फॉर्म दुसऱ्या मशीनवर विस्कटत असेल तर तिथलं डिस्प्ले स्केलिंग विचारा, १०० टक्क्यांना ९६ डीपीआय (इंचाला ठिपके) आणि १५० टक्क्यांना १४४. एकाच टीममध्ये वेगवेगळ्या स्केलिंगवर डिझायनर उघडून सेव्ह केलं की आकडे बदलत राहतात, डिझाइन सगळ्यांनी १०० टक्क्यांवरच करा.

डब्ल्यूपीएफ या डॉटनेटच्या दुसऱ्या यूआय साधनात गेलात तर हेच प्रश्न दुसऱ्या वेशात येतात. स्क्रोलव्ह्यूअर स्टॅकपॅनलच्या आत ठेवला की स्टॅकपॅनल त्याला हवी तेवढी उंची देतं आणि तो कधीच सरकत नाही, ग्रिडमध्ये ठेवा. तिथेही टेक्स्टबॉक्सचं बाइंडिंग मुळात फोकस गेल्यावरच उतरतं, म्हणून सेव्हची तीच तक्रार तिथेही येते, अपडेटसोर्सट्रिगर प्रॉपर्टीचेंज्ड करा. क्यूट या सी प्लस प्लसच्या यूआय लायब्ररीत लॉगसाठी क्यूटेक्स्टएडिट न घेता क्यूप्लेनटेक्स्टएडिट घ्या, त्यात जास्तीत जास्त किती ओळी ठेवायच्या ते सांगता येतं आणि अपेंडप्लेनटेक्स्ट दृश्य तळाला असेल तरच खाली सरकतं, म्हणजे वर आपण हाताने केलं ते तिथे तयार मिळतं.

तुमच्या कोडमध्ये आधी सेव्हच्या सुरुवातीला व्हॅलिडेट आणि एंडएडिट घाला, कारण तिथे माहिती हरवतेय. मग सेटिंग फॉर्ममधला न्यू काढा. लॉगची रांग आणि टायमर त्यानंतर, आणि पॅनलचा ओव्हरराइड सगळ्यात शेवटी, तोही उंच कंट्रोल लहान करून बघितल्यावर. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर लॉगवर क्लिक न करता, फक्त कीबोर्डने, डीबगर न जोडता अ‍ॅप चालवून बघा. एवढं करूनही पॅनल उडी मारत असेल तर रिकाम्या प्रोजेक्टमध्ये फक्त ते पॅनल आणि त्यातला एक कंट्रोल ठेवून तीच उडी येते का ते बघा आणि त्या कंट्रोलची उंची, डॉक, अँकर आणि उडी नेमकी कशानंतर येते ते सांगा, मग पुढचं बघू.